पावणेसातचा वारा

भादव्याचं ऊन लागलं की मला फवाऱ्याच्या औषधाचा वास येतो. इथं तो यायचं काहीएक कारण नाही. आमच्या केंद्राच्या आजूबाजूला कोसभर तरी कुणी कापूस लावत नाही. नाचणी आहे, थोडी तुती आहे, बाकी सगळा दगड. तरी दरवर्षी पोळा होऊन गेला, आभाळ निवळलं, ऊन पाठीला टोचायला लागलं, की तो गोडसर, डोक्यात जाणारा वास नाकात येऊन बसतो. एका वर्षी तर मी कॅन्टीनवाल्याशी भांडले. म्हटलं, भांड्यांवर झुरळांचं औषध मारलंस का रे? बिचारा आईची शपथ घेत राहिला.

मी नोकरी करते ते केंद्र दूर गेलेल्या अवकाशयानांशी बोलायचं आहे. बोलायचं म्हणजे बहुतेक वेळ ऐकायचंच. आमच्या गावची शाळा आख्खी आत मावेल एवढी मोठी पांढरी तबकडी आहे. ती आभाळात यान जिथं असेल तिकडं तोंड करते, आणि ते मावळेपर्यंत मुंगीच्या पावलानं त्याच्यामागं वळत राहते. ती वळवणाऱ्या मोटारी सांभाळणं हे माझं काम. यानाशी माझा थेट काही संबंध येत नाही. गावाकडं मात्र सगळ्यांची खात्री आहे की मी रोज सकाळी उठून मंगळाला फोन लावते.

असली केंद्रं मुद्दाम खोलगट जागी बांधतात. चारी बाजूंनी टेकड्या आणि मध्ये वाटीसारखी जमीन. जगाचा गोंगाट टेकड्यांनी अडवायचा, म्हणजे आभाळातलं बारीकसं काही ऐकू येतं. पाहुणे आले की म्हणतात, काय शांत जागा आहे हो! मला पहिल्याच दिवशी तिथं कोंडल्यासारखं झालं होतं. मी यवतमाळकडच्या महागाव तालुक्यातली. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की नजर पार उमरखेडच्या अंगाला जाते, मध्ये अडवायला एखादं पळसाचं झाड. इथं जिकडं पाहावं तिकडं टेकडी. वीस वर्षं होत आली, अजून मी कधीकधी जेवणाच्या सुट्टीत उगाच गेटपर्यंत चालत जाते आणि परत येते.

ऐकण्याचं जे यंत्र आहे, ते बर्फाच्याही कितीतरी खाली थंड ठेवावं लागतं. का, तर ते जरा गरम झालं की त्याला स्वतःचीच कुजबुज ऐकू यायला लागते, आणि यानाचा आवाज तिच्यात बुडून जातो. हे मला इथं आल्याआल्या कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी फक्त मान हलवली होती. पुढं एका मोसमात मला त्याचा अर्थ नीट कळला.

तबकडीचा खरा वैरी वारा. एवढं मोठं पत्र्याचं तोंड, त्याला वारा धरतो. वारा एका आकड्याच्या वर गेला की काम थांबवायचं, तबकडीचं तोंड सरळ आभाळाकडं करायचं आणि लोखंडी खिट्ट्या लावून टाकायच्या. आम्ही म्हणतो, बाई बसली. त्यामुळे वाऱ्याचा ताशी किलोमीटरचा आकडा दाखवणारा एक लाल अक्षरांचा डबा कंट्रोल रूममध्ये आहे, आणि तसाच दुसरा बाहेरच्या पॅसेजमध्ये. मोबाइल आम्ही गेटवर जमा करतो. म्हणून घरच्यांना निकड लागली तर पॅसेजमध्ये एक साधा फोन ठेवलाय. फोन आणि तो डबा एकाच भिंतीवर, हातभर अंतरावर. ही जागा नीट सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या हातभर अंतरात झालं.

गजानन, म्हणजे गजू, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी शिकले, नोकरीला लागले आणि दक्षिणेत गेले. त्यानं वडलांच्या मागं वावर धरलं. कापूस, मधी तुरीची तासं, खालच्या तुकड्यात सोयाबीन. मला नोकरी लागली त्या दिवाळीत त्यानं मला विचारलं होतं, "ताई, तुया तिथून आपलं वावर दिसते काय व?"

मी चुलीपुढं बसले होते, धुरानं डोळे चुरचुरत होते. मी म्हटलं, "वावर नाही दिसत. वारा दिसते."

विषय संपावा म्हणून बोलले. पण पुढच्या खरिपात एका सकाळी पावणेसातला पॅसेजमधला फोन वाजला. "ताई, आज वारा किती व?" वारा कमी असेल त्या सकाळी फवारायचं, जोराचा असेल तर औषध उलटून अंगावर येतं, हे मलाही माहीत होतं. मी चिडले. म्हटलं, अरे बयताडा, मी हजार किलोमीटरवर बसली आहे, धुऱ्यावर जाऊन पाह्य. तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेसात.

मग मीच हळूहळू लायनीवर आले. पहाटेच्या पाळीला आल्याआल्या कॉम्प्युटरवर महागावच्या बाजूच्या हवेचा अंदाज पाहायचा, चिठ्ठीवर लिहायचा, पावणेसातला फोन आला की वाचून दाखवायचा. "आठ. नऊ वाजल्यावर वाढन. आटोप लवकर." बस. एवढंच आमचं बोलणं. मला गोडगोड बोलता येत नाही. माय म्हणते, लहानपणी तुया जिभेले कडूलिंब चोळला होता काय कोणं? पण फवारणीच्या दिवसांत रोज पावणेसातला मी त्या फोनजवळ असायची. माझ्याबरोबरची मंडळी म्हणायची, तुमच्या घरी आणखी एक तबकडी आहे वाटतं.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. गजू पारावर सांगायचा, ताई आकाशातून पाहून सांगते. लोक त्याच्याकडून विचारून घ्यायचे. चार वर्षं हे चाललं. मला आतून थोडं बरंही वाटायचं. कशाला खोटं बोलू?

त्या वर्षी कापूस माणसाच्या खांद्याला लागला होता. नुसती उंची, बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली. जिल्हाभर तेच. लोकांनी औषधात औषध मिसळून मारायला सुरुवात केली. पऱ्हाटी उंच, त्यामुळे नळी वर धरून मारावं लागे, आणि वरून तो फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर पडे. मग आज या गावात एक मजूर पडला, उद्या त्या गावात दोघं, अशा बातम्या यायला लागल्या. पंप पाठीवर घ्यायला माणूस मिळेना. मजुरांचं तरी काय चुकलं? गजू फोनवर म्हणाला, "कोणी येऊन नाही राह्यलं ताई. आता मीच मारतो."

मी म्हटलं, "तोंडाले फडकं बांधजो." एवढंच म्हटलं.

त्या सकाळी आमच्याकडं गडबड होती. यान पहाटे उगवलं होतं आणि तबकडी आडवी फिरवणारी एक मोटार तापत होती. ती बंद पडली असती तर त्या दिवशीचं सगळं ऐकणं वाया. मी चार वाजल्यापासून तिच्यामागं होते. चिठ्ठी लिहायची राहून गेली. फोन वाजला तेव्हा माझ्या एका हातात पाना होता.

"ताई, आज वारा किती?"

माझी नजर समोरच्या लाल डब्यावर गेली. मी म्हटलं, "पाच. शांत आहे. ठेव आता, मले काम आहे."

"हाव," तो म्हणाला.

आमच्या कंट्रोल रूममध्ये एक रीत आहे. आकडा कधी एकट्यानं सांगायचा नाही. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं परत म्हणायचा: कुठला, कधीचा, किती. मगच तो वर पाठवायचा. नवीन मुलं या रीतीला हसतात, मी त्यांना झापते. पॅसेजमधल्या फोनला ही रीत नव्हती. मी फोन ठेवला, मोटारीकडं पळाले. दुपारपर्यंत मोटार ठीक झाली, आणि साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

संध्याकाळी गेटवर मोबाइल हातात घेतला तर वंदनाचे, गजूच्या बायकोचे, अकरा फोन येऊन गेलेले. पॅसेजचा नंबर गजूला पाठ होता, तिच्याकडं नव्हता. मी लावला. ती म्हणाली, "ताई, ह्यायले दिसून नाही राह्यलं."

महागाववरून त्याला आर्णीच्या रस्त्यानं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. तोवर उलट्या थांबल्या होत्या, जिवावरचं टळलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या. वॉर्डात तसेच पट्टीवाले आणखी चार-पाच, सगळ्यांचे हात खाटेच्या दांडीवर. वंदना माझ्या गळ्यात पडली नाही, ती तशी नाही. मला पाणी दिलं आणि सहजपणे म्हणाली, "तुमाले इचारूनच गेलते ना वावरात. तुमी शांत आहे म्हनलं म्हनून गेले. अन् मंग कुठून वारा सुटला कोनाले माहीत."

ग्लास माझ्या हातातच राहिला. त्या क्षणी मला तो लाल डबा दिसला. पाच. कुठला पाच? टेकड्यांच्या वाटीतला, हजार किलोमीटरवरचा. मी गजूला आमच्या तबकडीचा वारा सांगितला होता.

वंदनाला त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नर्स आली, "नातेवाईक बाहेर व्हा," आणि मी बाहेर झाले. त्यानंतर सव्वा महिना मी बाहेर पडायची वाट शोधत राहिले.

दहा-बारा दिवसांनी घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, नजर येईल. केव्हा, ते विचारू नका. किती, तेही विचारू नका. उजेडात नेऊ नका आणि दर दोन तासांनी थेंब टाका. वेचणी तोंडावर आलेली. मायचे गुडघे गेलेले. वंदना सकाळी चार बाया घेऊन वावरात जाई ती दिवस कललेला असताना येई. थेंब टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी रजा वाढवून घेतली, बिनपगारी.

त्या खोलीचं काय सांगू! दहा बाय बाराची जागा, खिडकीला गोणपाट ठोकलेलं, दारावर सतरंजी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन फुटत होतं, आणि आत पंखा चालू असला तर गरम हवा, बंद असला तर तीही नाही. कोपऱ्यात आधीच वेचून आलेला थोडा कापूस टाकलेला, त्याची धूळ घशात जायची. गजू बाजेवर, मी खाली पाटावर. बाहेरून वेचणाऱ्या बायांचं बोलणं यायचं, बकरी ओरडायची, महागावच्या एस.टी.चा हॉर्न वाजायचा, आणि तो प्रत्येक वेळी मान त्या बाजूला वळवायचा. मी दोन तासांनी त्याची हनुवटी वर करायची, पापणी ओढायची, थेंब टाकायची. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. प्रत्येक वेळी मी विचारायची, "दिसलं काही?" प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "धूर आहे."

प्रत्येक थेंबाच्या वेळी मला वाटायचं, आता सांगावं. ओठांवर यायचं, आणि मी गिळायची. म्हणायची, आधी नजर येऊ दे. नजर आली की सांगीन. मग वाटायचं, नजर आलीच नाही तर? माझंच डोकं मला ऐकू यायचं, दुसरं काही ऐकू यायचं नाही. खोलीतून उठून जावं तर जायचं कुठं? अंगणात गेलं तर लोक.

लोक रोज भेटायला येत. माझ्याकडं पाहून म्हणत, बहीण असावी तं अशी. नोकरी सोडून बसली भावापाशी. चोराच्या मनात चांदणं; मला ते ऐकवत नसे. एक दिवस शेजारचे बाबाराव आले. आमच्या वडलांच्या बरोबरीचे, भला माणूस. गजूच्या पायाशी बसले, तंबाखू मळत इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना मला म्हणाले, "बाई, उद्या सकाळी वारा कसा राहीन व? खालच्या तुकड्यात एक हात मारून घेतो म्हनतो."

गजू बाजेवरून म्हणाला, "सांग ना ताई. काका इचारून राह्यले."

"मले काय माहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "मी काय वारा हातात घेऊन बसली आहे काय? धुऱ्यावर जा, पाला पाहा! डोळे आहेत ना तुमाले?"

बोलून गेले आणि जीभ चावली. डोळे हा शब्द त्या खोलीत आम्ही कुणी उच्चारत नव्हतो. बाबाराव "बरं बरं" करत उठले. माय दारातून म्हणाली, "काहून व अंगावर जातं मानसाच्या?" मी थेंबांची बाटली हलवत बसले, ती वेळ नव्हती तरी.

दुपार सरता सरत नसे. गजू विचारायचा आणि मी सांगायची. त्याला सगळ्यात आवडायची ती मंगळ सूर्याआड जातो ती गोष्ट. दर दोनेक वर्षांनी सूर्य मधे येतो, आणि पंधरा दिवस मंगळाभोवतीच्या यानाशी बोलणं बंद. त्या वर्षी आषाढातच असं होऊन गेलं होतं.

"मंग तुमी काय करता तवा?"

"काही नाही. वाट पाहतो."

"कोणी काहीच पाठवत नाही?"

"नाही. पाठवायचंच नाही असं ठरलेलं आहे. अर्धवट ऐकू गेलं तं यान भलतंच काही करून बसन. आपण जे सांगू ते खरं धरते ना ते. त्याले दुसरं कोण आहे इचाराले?"

गजू म्हणाला, "गरीब आहे मंग."

मी उठून पाणी पिऊन आले.

एका दुपारी वीज गेलेली. घामानं त्याची बनियन पाठीला चिकटली होती. तो म्हणाला, "ताई, यान आलं हे तुमाले दिसते कसं? चित्र दिसते काय?" मी म्हटलं, चित्र नाही. पडद्यावर खाली गवतासारख्या बारीक रेघा हलत असतात, तो नुसता आभाळाचा खरखराट. यान उगवलं की त्या गवतातून एक सुई उभी राहते. ती सुई म्हणजे ते.

"दाखव," तो म्हणाला आणि तळहात पुढं केला.

मी त्याचा हात मांडीवर घेतला. बोटं अजून औषधानं सोललेली. मी नखानं तळहातावर बारीक बारीक रेघा ओढल्या, हे गवत. मग मधोमध एक लांब रेघ, मनगटाकडून बोटाच्या टोकापर्यंत. ही सुई. त्यानं मूठ मिटली आणि हसला. सव्वा महिन्यात पहिल्यांदा हसला असेल. "लय बारीक आहे व," म्हणाला. आणि मला ते सहन झालं नाही.

"गजू, त्या दिवशी मी पाच सांगतलं ना, ते इथलं नव्हतं."

"म्हंजे?"

"ते तिथलं होतं. आमच्या केंद्रातलं. समोर डब्यावर दिसलं ते वाचलं. इथलं मी पाह्यलंच नव्हतं. घाईत होती."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होते, आणि तो मला पाहू शकत नव्हता याचं मला बरं वाटलं. हेही सांगून टाकते.

मग तो अगदी सावकाश म्हणाला, "पाला हलून राह्यला होता. मले दिसत होतं व ताई. तुरीचे शेंडे पार वाकत होते. पंप पाठीवर घेऊन धुऱ्यावर उभा राह्यलो. म्हनलं, वारा तं आहे. मंग म्हनलं, ताईनं शांत सांगतलं. हा एखादा झोत असन, थांबन आता. तुयं एवढं मोठं मशीन. माह्या डोळ्यायचं काय खरं?"

मी म्हटलं, "शिव्या दे मले."

"कायले?"

"दे ना रे. दोन थोबाडीत मार, पण असा गप नोको बसू."

तो भिंतीकडं वळला. चारचे थेंब टाकायची वेळ झाली तेव्हा मी बाटली घेऊन जवळ गेले, तर त्यानं हनुवटी वर केली नाही. "वंदना आली का ती टाकन," म्हणाला. आवाज साधाच होता. मी बाटली कोनाड्यात ठेवली आणि अंगणात येऊन उभी राहिले. दोन तासांचे थेंब त्या दिवशी चार तासांनी पडले, आणि तेवढा वेळ मी दारातच होते.

वंदनाला त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी वावरातून धावत यायची, थेंब टाकायची, परत जायची. मी भाकरी टाकायची, मायचे पाय चोळायची. गजू माझ्याशी बोलायचा, नाही असं नाही. पाणी दे, पंखा लाव. मंगळाचं काही विचारायचा नाही. खोली आता मला बंद होती आणि घराबाहेर मला तोंड नव्हतं. मी अंगणातल्या निंबाखाली खुर्ची टाकून बसायची आणि तुळशीचं पान हलतं का ते पाहत राहायची.

रजा संपली. निघाले त्या सकाळी तो भिंत चाचपत दारापर्यंत आला, चौकट धरून उभा राहिला. काळा चष्मा, वाढलेली दाढी. मी पाया पडायला वाकलेल्या वंदनाला उठवलं, मायला नमस्कार केला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो ताठच राहिला. "येजो," म्हणाला. पुसदपर्यंत एस.टी.त मला बसायला जागा मिळाली नाही, आणि तेच बरं झालं, रडणाऱ्या बाईकडं उभ्या गर्दीत कुणी पाहत नाही.

परत टेकड्यांच्या वाटीत. तबकडी तशीच, मोटारी तशाच, डबा तसाच. पहाटेची पाळी मागून घेतली. पावणेसात वाजले की काहीतरी निमित्त काढून पॅसेजमध्ये जायची. फोन गप्प. फवारणीचे दिवस सरले होते, तो कशाला लावेल, असं मी स्वतःला समजवायची. पण मला ठाऊक होतं की पुढच्या वर्षीही तो लावणार नाही. वंदनाला आठवड्यातून एकदा विचारायची; ती म्हणायची, "आहे थोडा फरक," आणि पुढं काही नाही. थोडा म्हणजे किती? मोजायच्या यंत्रांत जन्म गेला माझा, आणि मला एवढं मोजता येईना.

दिवाळी गेली. थंडी पडली. एका सकाळी यानाकडं एक आज्ञा गेली होती. त्या दिवसांत जायला पंधरा-सतरा मिनिटं, यायला तेवढीच. ते ऐकलं की नाही हे कळेपर्यंत खोलीत सगळे खुर्च्यांना टेकून बसतात, कुणी पेन वाजवतो, कुणी डोळे मिटतो. मला तिथं बसवेना. मी पॅसेजमध्ये आले. घड्याळात पावणेसात. मी फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा या बाजूनं गजूचा नंबर लावला.

गजूनंच उचलला. "हां, कोण?"

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. माफी मागायची होती, ती मला कधीच मागता आली नाही, अजून येत नाही. तोंडातून निघालं ते हे: "गजू, तिकडं आज वारा किती आहे रे?"

मला वाटलं, आता ठेवतो. ठेवलाच असता तर मी काय केलं असतं, देव जाणे.

"थांब," तो म्हणाला. "पाहून सांगतो."

पाहून. मी फोन दोन्ही हातांनी धरला. बाज करकरली. चप्पल घासली, एकदा, मग दुसरी. टिनाचं फाटक वाजलं. मग नुसते पाय, मातीतले, सावकाश. आमच्या घरामागं धुरा लागतो, साठ-सत्तर पावलं असतील. मी ती मोजत होते. खोलीतून कुणीतरी मला हाक मारली, मी हात हलवून गप्प केलं. पाय थांबले. त्याचा श्वास ऐकू येत होता. थांबून राहिला. खूप वेळ.

"शेंडे हलून राह्यले," तो म्हणाला. "पऱ्हाटीचे कमी, तुरीचे जास्त. फुलावर आहे ना तूर. उगवतीकडून आहे वारा."

"दिसते तुले?"

"उजव्यानं दिसते. डाव्यानं धूर आहे अजून." मग म्हणाला, "तुयं मशीन काय म्हनते?"

लाल डबा माझ्यापासून हातभरच होता. मी तिकडं पाहिलं नाही.

"ते इथलं सांगते," मी म्हटलं.